निरोगी बायकांच्या शोधात पेण-रोहा

कोकणात जाऊन आलेल्या माणसाला मुंबईत दोनच प्रश्न विचारतात: मासळी काय खाल्ली, आणि आंबे आणले का. मी अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात पेण-रोह्याला आठवडाभर राहून परतले तेव्हा माझ्या हातात थर्मोकोलचा एक खोका होता आणि त्यात बायकांचं रक्त होतं. हॉस्टेलच्या दारातच शेजारच्या खोलीतल्या बाईंनी नाक फेंदारून विचारलं, "बोंबील वाटतं?" वास बोंबलाचाच होता. त्याचं कारण पुढे येईल. पण ज्यांना वाटतं की संशोधनासाठी गावोगाव फिरणं म्हणजे सरकारी खर्चाने सहल, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. आपल्या शरीरात विषारी पदार्थांची विल्हेवाट लावणारी विकरं असतात, म्हणजे एन्झाइम. धूर, रंग, रॉकेल, कारखान्यातली रसायनं, जे काही नाकातोंडातून आत जाईल ते ही विकरं मोडून बाहेर धाडतात. पण ती सगळ्यांकडे सारखी नसतात. काहींची संथ चालतात, आणि एक विकर तर असं आहे की ते बनवणारा जीनच कित्येक धडधाकट माणसांत मुळात नसतो. घर बांधलं, पण मोरी ठेवायची राहिली, तसं. आमच्या सरांना शंका होती की ज्या बायकांच्या शरीरात ही मोरी नाही त्यांना एण्डोमेट्रिओसिस जास्त होत असावा. या रोगात गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर भलतीकडे वाढतं, बीजकोशावर, आतड्यावर. दर महिन्याला तेही सुजतं आणि रक्त सोडतं. त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते, मग आतल्या आत सगळं चिकटत जातं. दुखणं भयंकर, मूल होण्यात अडचण, आणि पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय खात्री नाही.

पेणला एका डॉक्टरबाईंकडे अशी दुर्बीण होती आणि रोग पक्का झालेल्या बायकांची यादीही. जवळ हमरापूरला गणपतीच्या मूर्तींचे कारखाने, म्हणजे रंग आणि थिनर. पलीकडे रोह्याला रसायनांच्या कंपन्या. सरांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "वसुधा, आदर्श जागा आहे." सर स्वतः मुंबईच्या पंख्याखालून हलले नाहीत.

रोगी बायका यादीत होत्याच. खरी पंचाईत होती निरोगी बायकांची, कारण तुलनेला त्याही तितक्याच लागतात. पहिल्या सहा आम्ही प्रयोगशाळेतल्याच धरल्या होत्या. निरोगी क्रमांक एक मी. माझा फॉर्म मीच भरला. 'आपणास मासिक पाळीच्या काळात असह्य वेदना होतात काय?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि मोकळी झाले. असह्य कसल्या, चौदाव्या वर्षापासून सहन तर करतेच आहे की. हा माझा त्या वेळचा तर्क, आणि तो मला अगदी शास्त्रशुद्ध वाटत होता.

पेण

एस.टी.च्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की खोका मांडीवर होता आणि रिकामा होता, तरी वाटेत तिघांनी त्यात काय आहे असं विचारलं. पेणला उतरले ती पोटात गोळा घेऊनच. माझी तारीख होती. प्रवासाला निघायचं म्हटलं की ती हजर, नातेवाइकांसारखी. स्टँडवरच्या उपाहारगृहात गरम पाणी मागून पर्समधली गोळी घेतली. पोऱ्याने पाण्याऐवजी चहाच आणला, तोही असा की चमचा उभा राहील एवढी साखर. पुण्याला आमच्याकडे एवढी साखर सत्यनारायणाच्या शिऱ्यात पडते.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मालन सिस्टर माझ्या दिमतीला होत्या. मालन म्हात्रे, चाळिशीच्या, वडखळच्या बाजूच्या, उन्हात छत्री न उघडता झपाझपा चालणाऱ्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "म्याडम, तुमी जेवल्याव का? तोंड कसं पांढरंफटक."

"बस लागली," मी म्हटलं.

पहिली आफत तिथेच उभी होती. रक्ताच्या नळ्या गार ठेवायच्या, असा सरांचा दंडक. दवाखान्याचा फ्रिज लसींनी भरलेला, आणि वीज दिवसातून चार वेळा जायची. मी कपाळाला हात लावला. मालन सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बर्फच पायजेल ना? माझा भाऊस धरमतरला मचव्यावर हाय. सांगते." संध्याकाळी गोणपाटात गुंडाळून भुशातला बर्फ आला. होड्यांवर मासळी ठेवायचा बर्फ तो. विज्ञानाला चालतो, थंड असल्याशी कारण, पण त्याने खोक्याला जो वास लावला तो शेवटपर्यंत गेला नाही. आणि मी माळकरी घरातली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच यादीतल्या सात बायकांचं रक्त घेतलं. त्या आपणहून आल्या, मुकाट्याने हात पुढे केले. एकीने विचारलं, "याच्यातून आम्हांला काय कळेल?" मी खरं ते सांगितलं: तुम्हांला काहीच नाही, नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. ती म्हणाली, "मंग तुमाला कळूंदे." त्या वाक्यावर चिडता येत नाही म्हणून मी आणखीच चिडले.

हमरापूर

हमरापुरात शिरलं की आधी नाकाला कळतं. थिनर, तेलरंग, ओलं प्लास्टर. घराघराच्या पुढच्या मांडवात पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, काहींना नुसता अंगाचा रंग दिलेला, काहींना पितांबर. आम्ही ज्या कारखान्यात गेलो तो आक्कांचा. नवऱ्यामागे वीस वर्षं त्याच चालवत होत्या. दाराशी पाटावर बसून त्या सगळ्यांवर नजर ठेवायच्या, आणि ती नजर पाठीतून आरपार जायची.

आत अकरा बायका कामाला होत्या. फॉर्मातलं मराठी सरांनी इंग्रजीवरून स्वतः केलेलं, त्यामुळे ते कोणालाच कळेना. मी वाचलं, "आपणास मासिक स्रावकालात..." तर एक मुलगी पदर तोंडात कोंबून हसायला लागली. शेवटी मालन सिस्टरांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि सरळ विचारलं, "पाळीचं दुखतं काय गो?"

"नाय," पहिली म्हणाली.

"नाय." दुसरी.

"नाय गो बाय, काय दुखायचंय." तिसरी.

तासाभरात अकरा बायका, अकरा नकार, अकरा नळ्या. इतक्या दिवसांत प्रथमच काही सुरळीत होत होतं. मला संशय यायला हवा होता, पण मला आनंद झाला.

सगळ्यांत शेवटी कोपऱ्यात बसलेली सुनंदा. तीस-बत्तिशीची. तिचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. बाकी सगळं अंग दुसऱ्यांनी रंगवायचं, डोळे मात्र शेवटी, आणि त्या कारखान्यात ते फक्त सुनंदा काढायची. श्वास रोखून ती कुंचल्याचं टोक एकदाच फिरवायची, आणि इतका वेळ नुसतं प्लास्टर असलेलं ते तोंड एकदम तुमच्याकडे बघायला लागायचं. मी सगळ्यावर वैतागलेली असूनही तिथे पाच मिनिटं उभी राहिले. भाताच्या तुसाची एक छोटी उशी पोटाशी घट्ट दाबून ती वाकून बसली होती. माझ्याही पोटात तेव्हा कळ आली आणि मी टेबलाची कड धरून आणखी एक गोळी गिळली. सुनंदाने मान न वळवता विचारलं, "उशी देऊ?"

"नको, बस लागली होती," मी पुन्हा म्हटलं.

तिनेही "नाय" सांगितलं आणि डावा हात पुढे केला. निरोगी क्रमांक सतरा.

निघताना आक्कांच्या डोक्यावरचं भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. तारखांच्या चौकोनांत रंगांचे ठिपके होते, कुंचल्याने दिलेले: निळे, हिरवे, गुलाबी, जांभळे, आणि शेंदरी तर रांगच्या रांग. मला वाटलं, कुठल्या दिवशी कुठल्या गावच्या मूर्ती जायच्या त्याची खूण असेल. तसं विचारलंही. आक्कांनी माझ्याकडे थंडपणे पाहिलं. "ते आमचं आमचं हाय," त्या म्हणाल्या.

रोहा

पेणहून रोह्याला आगगाडीने गेलो. कासूला गाडी थांबली तेव्हा टोपली घेऊन चढलेल्या एका बाईने माझ्या खोक्याचा वास घेतला आणि आपुलकीने विचारलं, "काय भाव मिलाला?" मालन सिस्टर अख्खा प्रवासभर हसत होत्या. त्यांचं हसू मला तेव्हा अजिबात आवडलं नाही.

रोह्याला गावात शिरल्यापासून हवेला कसलासा आंबट वास. मी रुमाल लावला. रिक्षावाला म्हणाला, "कंपनीचा हाय. दुसरी शिफ्ट सुरू झाली का येतो. आमाला नाय कळत आता." सरांची शंका अशी नाकाला लागत होती, हे कबूल करायला हवं.

तिथे यादीतल्या रिबेकाबाईंकडे जायचं होतं. निवृत्त शिक्षिका, बेने इस्रायली. त्यांची सगळी भावंडं इस्रायलला गेली, या एकट्या मागे राहिल्या. कौलारू घर, ओट्यावर तगर, दारावर त्यांच्या धर्माची छोटी तिरकी डबी, आणि आतून मराठी असं की माझ्या आजीने शुद्धलेखन तपासायला बसावं. इथे फॉर्मने पुन्हा इंगा दाखवला. धर्माच्या चौकटी चार, त्यात यांची एकही नाही. मी 'इतर' म्हटलं तर बाई म्हणाल्या, "दोन हजार वर्षं इथे राहून इतर? लिही बापडी, तुझा काय दोष."

जेवायला त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं केलं होतं. मी मासे खात नाही हे सांगताना मला संकोच वाटत होता. त्या हसल्या. "अगं, आमच्यात खाण्याचे नियम तुमच्याहून जास्त. खवले नसलेला मासा नाही, दुधाबरोबर मटण नाही. नियम पाळणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही." बिरडं इतकं चांगलं होतं की मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. त्या आठवड्यातला हा एकच तास मी कोणावरही चिडले नाही.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. सोळाव्या वर्षापासून दुखायचं. वर्गात फळ्याला पाठ टेकून शिकवायच्या, म्हणजे मुलांना वाटायचं बाई कडक आहेत. लग्न ठरून मोडलं. चाळिशी उलटल्यावर पेणच्या डॉक्टरबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा आत सगळं एकमेकांना चिकटलेलं. पिशवी काढली.

"इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"विचारायचे की लोक. आई विचारायची, हेडमास्तर विचारायचे. मी नाही म्हणायची. आमच्यातही दिवस मोजतात बरं का, तुमच्यासारखेच. किती दिवस वेगळं बसली, कधी न्हाली, सगळं मोजतात. दुखलं किती ते कोणी मोजत नाही." त्यांनी माझ्या पानात आणखी बिरडं वाढलं. "आणि एक लक्षात ठेव. बाई उत्तर देते ती प्रश्नाकडे बघून देत नाही. विचारणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघून देते."

माझा घास हातातच राहिला. हमरापूरला आम्ही प्रश्न विचारत होतो तेव्हा आमच्या मागे कोण होतं? पाटावर बसलेल्या आक्का. अकराच्या अकरा नकार आक्कांना दिलेले होते. आणि ते कॅलेंडर! दिवस मोजतात, असं बाई म्हणाल्या. मी मालन सिस्टरांकडे पाहिलं.

"ते ठिपके," मी म्हटलं, "मूर्तींचे नाहीत ना?"

मालन सिस्टर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "नाय. बाहेर बसायचे. चार दीस मूर्तीला हात नाय लावायचा. परतेकीचा आपला रंग. मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

मला म्हणे माहीत! सहा वर्षं शिकून आलेली मी, आणि भिंतीवर टांगलेली नोंद मला मूर्तींची वाहतूक वाटली. इतकी स्वतःवर चिडले मी तेव्हा की परतीच्या गाडीत खोक्याचा भाव विचारणाऱ्याला सरळ "शंभर रुपये" सांगून टाकलं.

पुन्हा हमरापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. सुनंदाची जागा रिकामी होती. डोळे न काढलेल्या मूर्ती तिथे रांगेने ठेवलेल्या. आक्का म्हणाल्या, "बाहेर हाय ती. मागच्या पडवीला. तुमी तिथं बसलात तर परत आत यायचं नाय, आंघोळ केल्याबिगर."

मी गेले. कारखान्याच्या मागे चिंचेखाली पत्र्याची पडवी, एक चटई, एक माठ. सुनंदा कुशीवर पडून होती, तीच उशी पोटाशी. मला बघून उठायला लागली. मी तिच्याशेजारी बसले, आणि मला कळलं की त्या अख्ख्या कारखान्यात ही एकच जागा अशी आहे जिथे पाठीमागे कोणी येत नाही.

"त्या दिवशी खोटं सांगितलंत ना?" मी विचारलं.

"तुमी पन सांगितलंत," ती म्हणाली. "बस लागली म्हने. तुमी बाहेर होतात. गोळी खाल्लीत, मी बघितलं. गणपतीच्या शेजारी उभ्या होतात."

तिने आक्कांना सांगितलं नव्हतं.

मग तिने सांगायला सुरुवात केली. शेंदरी ठिपका तिचा. नियम चार दिवसांचा. तिचे आठ होतात, कधी नऊ. रक्त चार दिवसांत थांबतं, दुखणं थांबत नाही. कुंचला धरला की हात थरथरतो, आणि थरथरत्या हाताने काढलेला डोळा तिरळा होतो. "दुखतं म्हनून कोन घरी बसू देल? बाहेर हाय म्हनलं का कोन जवळ पन येत नाय. म्हनून मी अजून बाहेर हाय असंच सांगते." लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा धरमतरला बार्जवर, माणूस बरा. सासूचं ती बोलली नाही. आक्कांना वाटतं की ती कामचुकार आहे, देवाच्या नियमाचा फायदा घेते. पौर्णिमेनंतर आखणी आक्कांच्या पुतणीला शिकवायची, असं ठरलं होतं.

"मग खरं सांगून टाका की आजारी आहात."

"आजारी म्हनल्यावर तर आजच काढून घेतील. कामचुकाराला बोलून बोलून परत बसवतात. आजारी बाईला कोन बसवतं?" ती चिंचेकडे बघत राहिली. "मला दुसरं काय येत नाय म्याडम. डोळं गेलं तर मी कोन?"

मी वर्षानुवर्षं बायकांचं रक्त गोळा केलं आहे. या प्रश्नाला फॉर्मात चौकट नव्हती. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, तसा आला. सरांचा, आक्कांचा, माझा. मी म्हटलं, "डॉक्टरबाई तुम्हांला तपासतील, मालन सिस्टर नेतील. पण आक्कांना मी सांगू का?"

ती उशी बाजूला ठेवून उठली. "तुमी नका सांगू. मी सांगते. तुमी फकस्त माझ्या मागं उभ्या रहा."

कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर ती उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. मी तिच्या मागे. आतली सगळी कामं थांबली. ती म्हणाली, "आक्का, मी चारच दीस बाहेर असते. बाकीचं मला दुखतं. उभं रहावत नाय एवढं दुखतं. मी खोटं बोलले."

मला वाटलं, आता आक्का उसळतील. त्या उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात गुंडाळलेली जुनी कॅलेंडरं होती, तीन-चार वर्षांची, सुतळीने बांधलेली. जमिनीवर पसरून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि बोटाने शेंदरी ठिपके मोजायला लागल्या. एक महिना, दुसरा, तिसरा. पहिल्या वर्षी पाच, कधी सहा. पुढच्या वर्षी सात. मग आठ, नऊ. माझा चार पानी फॉर्म मी पिशवीत खाली सारला. त्या बाईने रोगाची वाढ रंगाने भिंतीवर काढून ठेवली होती, आणि ती तिला चोरी वाटत होती.

"मंग बोललीस का नाय कधी?" आक्का मान वर न करता म्हणाल्या.

"तुमी इचारलंत कधी?"

आक्कांनी कॅलेंडरं पुन्हा गुंडाळली, सुतळी बांधली, आणि मालन सिस्टरांना विचारलं, "दुर्बिनीचं केल्यावर किती दीस निजवतील हिला?"

"पंधरा धरा."

आक्कांनी रांगेकडे पाहिलं. चाळीस-पन्नास मूर्ती, पितांबर नेसलेल्या, मुकुट घातलेल्या, सगळ्या आंधळ्या. सीझन तोंडावर होता. "डोळं शेवटालाच काढायचं असतात," त्या म्हणाल्या. "बाकीचं रंगवून घेतो. हिचा हात बरा होईतवर रहातील तसेच."

सुनंदा उंबऱ्यातच खाली बसली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. आतून निळी उठली, "माझं पन लिवलंय ना नाय, ते खोडा." मग जांभळी. मग ती पदर कोंबून हसणारी मुलगी. दहा मिनिटांत माझ्या अकरा निरोगी बायकांच्या चार उरल्या, आणि त्या चौघींकडे मी आता संशयाने बघायला लागले होते.

पेणच्या एस.टी.डी. बूथवरून सरांना फोन केला. काचेच्या त्या पेटीत मे महिन्याचं ऊन, बाहेर तीन माणसं ताटकळत, आणि फोनवर सर म्हणाले, "पहिलं उत्तर ग्राह्य धर. पुन्हा विचारलं तर पूर्वग्रह येतो."

"सर, रोगी बायका निरोगी म्हणून मोजल्या तर तुमच्या विकरांचं उत्तर कसं येणार?"

"वसुधा, संख्या कमी पडेल."

"पडू दे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. सरांचा फोन मी आधी कधी ठेवला नव्हता. बाहेर आले. मालन सिस्टरांनी काही न विचारता कोकमाचं सरबत पुढे केलं. त्यात साखर बरोबर होती.

मुंबई

तर खोका घेऊन मी परतले. नळ्या शाबूत होत्या, वास होताच. तीन आठवड्यांनी मालन सिस्टरांचा फोन आला, ओरडून बोलत होत्या, जणू पेणहून नुसत्या आवाजानेच पोचायचं होतं. "सुनंदाचं निघालं हो म्याडम. दोनी बाजूला होतं. डॉक्टरबाईंनी जाळलं जाळायचं तेवढं. काल येऊन दवाखान्यात राह्यलेली उशी परत घेऊन गेली, आनि डोळं काढायला बसली." मूल होईल का, विचारलं. "ते नाय सांगत कोन," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत मी यादी नव्याने लिहायला बसले. क्रमांक सतरा निरोगींतून काढून रोगींत टाकला. हमरापूरच्या आणखी सहा बाद. एकेक फॉर्म तपासत शेवटी तळाशी पोचले. निरोगी क्रमांक एक. माझंच अक्षर, माझंच 'नाही'. त्या दिवशी पुन्हा माझी तारीख होती, आणि खुर्चीत मी पर्स पोटाशी दाबून बसले होते.

"एवढ्या बायका बाद करून उरलं काय मग?" सरांचा आवाज आला.

मी 'नाही'वर काट मारली, शेजारी 'हो' लिहिलं, आणि खाली सही केली. सर माझ्या मागेच उभे होते.